घरातला पायाळू

आमची आत्या पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसावर वीज पडते, हा आपल्याकडचा जुना समज. त्यामुळे ठाण्यातल्या खोपटच्या चाळीत आभाळ गडगडायला लागलं की घरात दोन कामं ठरलेली असत. आजी आत्याला गॅलरीतून ओढून आतल्या खोलीत तांदळाच्या पिंपाजवळ बसवायची आणि आजोबा रेडिओकडे धावायचे. एकदा आजीचे हात पिठात होते, पोर गॅलरीतच राहिली, आणि आजोबांनी तिला ओलांडून रेडिओ गाठला. त्यावरून झालेलं भांडण आत्या पंचाहत्तरी उलटल्यावरही रंगवून सांगते. ‘पोर तुमची की तो मर्फी तुमचा?’ आजीनं विचारलं. आजोबा म्हणाले, ‘अगं, तिला कुठं वायर लावलीय?’

घरातल्या रेडिओला विजेपासून कसं वाचवायचं, याचा नाद मला लागला तो या वाक्यापायी. पुस्तकं चाळली, गच्च्या पाहिल्या, वायरमन आणि हौशी रेडिओवाल्या हॅम मंडळींना पिडलं. आजोबांचं उत्तर अजून खोडता आलेलं नाही. वीज माणसाचा जन्म कसा झाला ते बघत नाही. वायर कुठून कुठं गेलीय, ते मात्र नेमकं बघते.

तेव्हाचं खोपट म्हणजे आग्रा रोडलगतच्या कौलारू चाळी, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, पश्चिमेला येऊरचा डोंगर, आणि मधे झाडांपेक्षा उंच फारसं काही नाही. आमच्या चाळीच्या छपरावर दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार आणि तारेच्या दोन्ही टोकांना चिनीमातीचे अंड्याएवढे गोळे. ती आजोबांची एरियल. घरात छताखाली ताणायची तांब्याच्या जाळीची पट्टी मिळायची, बहुतेकांचं तेवढ्यावर भागायचं. आजोबांचं भागत नव्हतं, कारण त्यांना कोलंबो ऐकायचं होतं.

याचं श्रेय एका मराठी माणसाला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. श्रोत्यांनी शास्त्रीय संगीत ऐकून सुसंस्कृत व्हावं, ही त्यांची इच्छा. श्रोत्यांनी काटा फिरवून कोलंबोचं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि दीड हजार किलोमीटरवरून येणारा तो शॉर्टवेव्हचा आवाज खरखरीतून वर काढायचा तर छपरावर लांब तार हवीच. पुढं ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती निघाली, गाणी घरी परतली, पण छपरावर चढलेल्या तारा काही लगेच उतरल्या नाहीत. केसकरांना कल्पनाही नसेल, पण विजेला घरात यायची वाट करून देण्यात त्यांचाही थोडा हात आहे.

त्या काळच्या व्हॉल्व्हच्या सेटमागे दोन भोकं असत. एक एरियलचं, दुसरं अर्थचं. (मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता, त्यांच्या जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ आमच्याकडं कॅलेंडरवर होतं.) आजोबांनी खिडकीच्या चौकटीवर लाकडी फळी ठोकून तिच्यावर तांब्याच्या पात्याचा स्विच बसवला होता. पातं वर टाकलं की छपरावरची तार रेडिओला जोडली जायची, खाली टाकलं की तीच तार मोरीतल्या नळाच्या पाइपला. पातं वर, सिलोन. पातं खाली, नळ. पातं खाली टाकल्यावर ते रेडिओचा प्लगही उपटून ठेवत, वायरीची गुंडाळी करून सेटवर. पावसाचे पहिले थेंब पडायच्या आत हे सगळं आटोपलेलं असे. एकदा डोक्यावर कडकडाट सुरू झाला की मात्र त्या फळीला हात लावायला ते कुणाला देत नसत.

आता हे कधी करायचं? इथं ठाण्याच्या पावसाची एक गंमत आहे, ती मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या वाचकाला पटणार नाही. आमच्याकडं आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तलाव काठोकाठ भरतात, रेल्वे रुळांवर पाणी येतं, आणि तरीही वीज क्वचितच कडाडते. ती येते पावसाच्या दोन टोकांना. रोहिणीत, मृगाच्या आगेमागे, आणि मग थेट हस्तात. हत्ती गरजतो म्हणतात तो उगाच नाही.

कारण ढगाच्या उंचीत आहे. वीज तयार व्हायला ढगात बर्फ लागतो. शून्याखाली दहा-वीस अंशांच्या थंडीत बर्फाचे बारीक कण आणि गारेसारखे मऊ गोळे एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार वेगळा होतो. जुलैचे आमचे ढग बुटके आणि पाणीदार. ते बदाबदा ओततात, पण फार वर चढत नाहीत. मेअखेरीला किंवा ऑक्टोबरात दिवसभर तापलेल्या जमिनीवरून दुपारी उठणारा ढग मात्र बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. येऊरच्या मागं साडेचारला फुलकोबीसारखं पांढरं काही उगवताना दिसलं आणि सहाला त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट झाला, तर समजायचं. सगळे जुलैत छत्र्या आणि ताडपत्र्या सांभाळतात, आणि पाऊस संपला म्हणून निर्धास्त होऊन दसऱ्याच्या सुमारास टीव्ही, राउटर, साउंड सिस्टिम लावून बसतात. दिवाळीच्या माळा आणि कंदिलाची वायर याच दिवसांत गॅलरीबाहेर सोडलेली असते, ते निराळंच.

रेडिओ आणि वीज यांचं नातं नुसतं शत्रुत्वाचं नाही. खरं तर रेडिओला ऐकू आलेल्या पहिल्या पहिल्या आवाजांतला एक विजेचाच आहे. अलेक्झांडर पोपोव्ह या रशियन शिक्षकानं ७ मे १८९५ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये एक यंत्र दाखवलं. काचेच्या नळीत धातूचा कीस, त्याला जोडलेली घंटी आणि हवेत उभी केलेली तार. दूर कुठं वीज चमकली की तिच्यातून निघालेली लहर तारेवर आदळायची आणि घंटी वाजायची. त्या उन्हाळ्यात हे यंत्र तिथल्या वनसंस्थेत वादळांची नोंद करायला बसवलं होतं. बातम्या, गाणी, क्रिकेट हे सगळं नंतर आलं. आधी ढगांचं प्रक्षेपण होतं, आणि त्याला निवेदक नव्हता.

योगायोग असा, की त्याच गावात त्याच्याही सुमारे एकशे चाळीस वर्षं आधी घरातल्या एरियलनं एका माणसाचा जीव घेतला होता. तेव्हा एरियल हा शब्द नव्हता, पण वस्तू तीच. १७५२मध्ये फ्रँकलिनच्या कल्पनेवरून फ्रान्समध्ये उंच सळईतून ढगातली वीज उतरवून दाखवली गेली आणि युरोपभर विद्वानांना तोच छंद जडला. गेओर्ग विल्हेल्म रिखमान या प्राध्यापकानं आपल्या घराच्या छपरावर सळई उभी केली, तिच्यापासून तार खोलीत आणली आणि टोकाला भार मोजायचं उपकरण लावलं. तार जमिनीला जोडली नव्हती. जोडली तर मोजणार काय? ऑगस्ट १७५३मध्ये अकादमीची सभा चालू असताना गडगडाट ऐकू आला, तसे ते चित्र काढून घ्यायला एका खोदकाम करणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन घरी पळाले. उपकरणाकडं वाकून पाहत असताना निळसर-पांढरा गोळा त्यांच्या कपाळावर झेपावला. कारागीर बेशुद्ध पडला, पण वाचला. रिखमान जागच्या जागी गेले. त्यांचा एक बूट फाटला होता, म्हणजे वीज पायातून जमिनीकडं निघून गेली होती. छपरापासून तार आली, जमिनीपर्यंतची वाट कुठंच नव्हती, ती वाट त्यांच्या शरीरानं पुरी केली. हा प्रसंग मी ज्याला ज्याला सांगितला, तो आधी म्हणतो, ‘वेडाच होता.’ मग मी त्याला त्याच्या टीव्हीमागच्या वायरी दाखवतो.

कोलंबोच्या तारांनंतरची दहाएक वर्षं आपल्याकडं बरी गेली. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. त्याच्या पोटात फेराइटची काळी कांडी, तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार, हीच मीडियम वेव्हची एरियल. छपराशी संबंध संपला. सेलवर चालला तर भिंतीतल्या विजेशीही नाही. आत्याच्या भाषेत, रेडिओ पायाळू राहिला नाही. पण २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुन्हा छपरं भरली. या वेळी ॲल्युमिनियमचे सांगाडे, सगळे नैऋत्येला तोंड करून, वरळीच्या मनोऱ्याकडं बघत. कावळे बसायला सोय झाली. चपटी वायर गॅलरीच्या कठड्यावरून घरात. या अँटेनांना जमिनीशी जोडलेलं मी तरी चाळीत कुठं पाहिलं नाही. रेडिओच्या पिढीला जे ठाऊक होतं ते टीव्हीच्या पिढीनं विकत घेतलंच नाही, कारण दुकानदारानं विकलं नाही.

मग केबल आली, डिश आली, आणि आता राउटर. राउटरलाही मी रेडिओच म्हणतो, कारण तो आहेच रेडिओ. बोलतो आणि ऐकतो, फक्त गाणी लावत नाही. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी आमच्या घरी जे झालं ते सांगतो. वीज आमच्या इमारतीवर पडली नाही, शेजारच्याही नाही. कुठं तरी तलावापलीकडं पडली असावी. आमच्याकडं नुसता ‘टिक्’ असा आवाज झाला, स्टोव्ह पेटवायचा लायटर वाजवल्यासारखा. राउटर मेला. राउटरला वायरीनं जोडलेला सेटटॉप बॉक्स मेला. बॉक्सला जोडलेल्या टीव्हीचं ते एक तोंड मेलं, बाकी टीव्ही ठीक. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावरचा टेबललॅम्प जळत राहिला. म्हणजे घाव विजेच्या तारेतून आलाच नव्हता. आमचं इंटरनेट तेव्हा समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून लोंबत आलेल्या तांब्याच्या नेटवर्क वायरीतून यायचं. साठ-सत्तर मीटरची ती वायर म्हणजे आजोबांच्या एरियलपेक्षा कितीतरी लांब एरियल, आणि तिला पात्याचा स्विच नाही. वायर टाकणारा मुलगा दुसऱ्या दिवशी नवा राउटर घेऊन आला. म्हणाला, ‘दादा, होतं असं. सीझन आहे.’

असं होतं ते का, हे समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागेल. आकडे मोठे आहेत, गणित पाचवीतलं आहे. जमिनीवर पडणाऱ्या विजेत साधारण तीस हजार अँपिअर प्रवाह वाहतो. घरातल्या गिझरला पंधराच्या आत लागतात. पण नुकसान केवळ या आकड्यानं होत नाही, तर हा प्रवाह सेकंदाच्या काही दशलक्षाव्या भागात शून्यावरून तिथं पोचतो त्यानं होतं. प्रवाह इतक्या झटक्यात वाढला की सरळ, जाड, उत्तम तांब्याची तारही अडवून धरते. ठोकळ हिशेबानं तारेच्या दर मीटरमागं दहा हजार व्होल्ट. दुसऱ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत सात मीटर तार असली तर तिच्या दोन टोकांत सत्तर हजार व्होल्टचा फरक. वरचं टोक ‘अर्थ’ला जोडलंय म्हणून ते अर्थ होत नाही. आणि वीज थेट पडायची गरज नाही. शेजारून गेलेल्या प्रवाहाचा झटक्यानं बदलणारा चुंबकी पसारा आपल्या वायरीत दाब उभा करतो. आमचा राउटर त्यात गेला.

पाचपाखाडीत सहाव्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त काका हॅम आहेत. हॅम म्हणजे केंद्र सरकारच्या संचार मंत्रालयाची परीक्षा देऊन, परवाना आणि ‘व्हीयू’नं सुरू होणारं आपलं स्वतःचं संकेतनाव घेऊन, घरातल्या संचावरून जगाशी बोलणारी माणसं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा टेलिफोन बंद पडलेल्या भागातून निरोप याच लोकांनी पोचवले. काकांची खोली बघण्यासारखी आहे. खिडकीच्या खालच्या भागातली काच काढून तिथं तांब्याचा पत्रा बसवलाय, आणि गच्चीवरून येणारी प्रत्येक केबल त्या पत्र्यावरच्या पितळी जोडणीतूनच आत येते. केबलच्या वाटेत बोटाच्या पेराएवढी, आत वायू भरलेली नळी. एरवी ती मूग गिळून असते. दाब काहीशे व्होल्टच्या वर गेला की तिच्यात ठिणगी पडते आणि भार पत्र्यावर उतरतो. संचाचा प्लगही त्याच पत्र्याजवळच्या बोर्डात, आणि त्या बोर्डाची अर्थ त्याच पत्र्याला बांधलेली.

‘सगळं एकाच ठिकाणी का, काका?’

‘आधी दोन ठिकाणी केलं होतं,’ ते म्हणाले. ‘अँटेनासाठी खाली बागेत स्वतःचा रॉड ठोकला. लई भारी वाटलं. आणि संचाची अर्थ बिल्डिंगची. एक मे महिना टिकलं नाही.’

ही चूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अभ्यासू माणसंच करतात. बागेतल्या रॉडचा मातीशी रोध दहा ओम धरू. विजेचा अगदी तुटपुंजा वाटा, एक हजार अँपिअर, त्या रॉडमधून मातीत गेला. हजार गुणिले दहा, दहा हजार व्होल्ट; त्या क्षणी तो रॉड आणि त्याला जोडलेली अँटेनाची केबल दहा हजार व्होल्टवर असते. इमारतीची अर्थ दुसऱ्या कोपऱ्यात, ती अजून शून्याच्या आसपास. दोघींना जोडणारी एकमेव वस्तू म्हणजे काकांचा संच. दोन्ही अर्थ आपापल्या जागी उत्तम होत्या, आणि त्या उत्तम होत्या म्हणूनच संच गेला. काहीच केलं नसतं तर कदाचित वाचला असता. सगळ्या वायरी एकाच दारानं आत याव्यात आणि त्या दाराशी सगळ्यांच्या अर्थ जाड पट्टीनं एकमेकींना बांधलेल्या असाव्यात. मग दाब दहा हजारांनी चढला तरी सगळे मिळून चढतात, मधल्या संचाला पत्ता लागत नाही. पुरात होडीबरोबर धक्काही वर चढला तर दोर तुटत नाही, तसं. बागेतला रॉड आणि इमारतीची अर्थ जमिनीखालून जोडणं हाही त्याचाच भाग.

आणि तरीही काका ढग दिसला की केबली सोडवतात. सहाव्या मजल्यापासून माती वीस मीटर खाली. मगाचा हिशेब लावला तर दोन लाख व्होल्ट, दहावा हिस्सा धरला तरी वीस हजार. इतक्या उंचीवर पत्रा आणि नळ्या हे दुसरं कुंपण. पहिलं कुंपण हवेचं. केबली सोडवून ते टोकं खिडकीबाहेर, पत्र्यापलीकडं लोंबत ठेवतात, संचापासून चांगली लांब. जुने हॅम केबलचं टोक काचेच्या बरणीत ठेवायचे असं मी कुठं तरी वाचलं होतं. विचारलं.

‘अरे, दोन-चार किलोमीटर हवा फोडून आलेली ती,’ काका हसले, ‘लोणच्याच्या बरणीला विचारून थांबणारेय का?’

त्यांच्या सोसायटीला खरी भीती विजेची नाहीच. गच्चीवरच्या त्या काठीतून किरणं येतात आणि कॅन्सर होतो, असा दोन सभासदांचा लेखी अर्ज आहे. त्यावर काकांनी काठीची अर्थ दाखवायला कमिटीला गच्चीवर बोलावलं. चहा झाला, अर्थ कुणी बघितली नाही.

ज्याला वादळातही बंद करता येत नाही, त्यानं काय करायचं? मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे उंच खांब आहेत. असा प्रक्षेपणाचा खांब म्हणजे आख्खाच्या आख्खा एरियल, म्हणून तो जमिनीला टेकवता येत नाही. चिनीमातीच्या जाड बैठकीवर उभा करतात. विजेला मात्र जमीन हवी. तोडगा बघा: पायथ्याशी दोन धातूचे गोळे समोरासमोर, मधे बोटभर फट. प्रक्षेपणाचा दाब ती फट ओलांडू शकत नाही, वीज सहज ओलांडते. ठिणगी पडते, प्रक्षेपक क्षणभर स्वतःला बंद करून घेतो आणि पुन्हा लागतो. घरी बसलेल्या श्रोत्याला गाण्यात एक गचका बसतो, इतकंच. काकांच्या खिडकीतली नळी हे त्याच गोळ्यांचं लहान भावंड.

बाजारात आपल्याला हे काही मिळत नाही. मिळतो तो ‘स्पाइक गार्ड’, म्हणजे बटणं आणि लाल दिवा असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. त्याच्या पोटात, असलीच तर, झिंक ऑक्साइडची रुपयाएवढी चकती असते. दाब वाढला की ती वाहू लागते आणि जास्तीचं अर्थकडं वळवते. पण तिसऱ्या पिनेला अर्थच नसेल तर ती वळवणार कुठं? शिवाय प्रत्येक घावागणिक ती झिजते आणि आपल्याला कळवत नाही. लाल दिवा चकतीचा नसतो, नुसता वीज असल्याचा असतो. त्यापेक्षा घराच्या डीबीमध्ये, मेन स्विचशेजारी, लाट-रोधक (सर्ज प्रोटेक्टर) बसवून घेणं शहाणपणाचं. त्याला खिडकी असते, हिरवी ठीक, लाल झाली की बदलायचा. वायरमनला एकच गोष्ट बजावायची: त्याच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेव. मघाचं गणित इथंही लागू. लांब वायर फिरवून नीटनेटकी बांधली तर दाब त्या वायरीतच उभा राहतो आणि बिचारा रोधक बघत बसतो. नीटनेटकेपणाचा इतका तोटा मी दुसरीकडं पाहिला नाही.

गच्चीवरच्या तडितरक्षकाबद्दल एवढंच, की तो इमारतीसाठी असतो, तुमच्या राउटरसाठी नाही. पुनर्विकासाच्या माहितीपत्रकात चकाकत्या गोल डोक्याचा एक तडितरक्षक दिसतो आणि तो शंभर मीटरचा परिसर वाचवतो असं विक्रेता छातीठोक सांगतो. भारतीय मानक, आयएस/आयईसी ६२३०५, टोकाची उंची आणि जागा मोजतं; डोक्यात कसलं यंत्र आहे त्याला गुण देत नाही. उंचीचा परिणाम मात्र जबर आहे. एकट्या उभ्या इमारतीची विजेला पकडायची कक्षा तिच्या उंचीच्या तिप्पट त्रिज्येची धरतात. दहा मीटरची चाळ आणि शंभर मीटरचा तीस मजली टॉवर यांच्या उंचीत दहापट फरक, क्षेत्रफळात शंभरपट. चौरस किलोमीटरला वर्षाकाठी चार विजा पडतात असं समजा. चाळीवर नव्वद वर्षांत एक, टॉवरवर जवळपास दर वर्षी एक. आता खोपट-पाचपाखाडीत टॉवर उभे राहिलेत, ते थेट घाव आपल्या अंगावर घेतात, उरलेल्या बैठ्या घरांना एक प्रकारे छत्र मिळालं. पण प्रत्येक घावाबरोबर शेजारच्या वायरींना जो झटका बसतो तो आता पन्नास मीटरवरून बसतो. छत्रीखाली उभं राहिलं तर पागोळ्या खांद्यावर पडतातच.

पुण्याच्या पाषाणमधली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २०१४पासून महाराष्ट्रातल्या विजा मोजते आहे. सुरुवातीला राज्यभर वीस ठिकाणी यंत्रं बसवली. प्रत्येक यंत्र विजेतून निघालेली रेडिओ लहर ऐकतं आणि ती किती वाजून किती सेकंदांनी, सेकंदाच्या अगदी बारीक भागापर्यंत, आली ते नोंदवतं; तीन-चार ठिकाणच्या वेळांतल्या फरकावरून वीज कुठं पडली ते ठरतं. पोपोव्हची घंटीच, वीस घंट्या एकत्र. त्यावर उभं राहिलेलं ‘दामिनी’ हे ॲप आपल्याभोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. देशात वर्षाला अडीच हजारांहून जास्त माणसं विजेनं मरतात, २०२२मध्ये २,८८७. बहुतेक शेतात, झाडाखाली, उघड्यावर. मी राउटरच्या गोष्टी सांगतोय याची मला थोडी लाज वाटते, पण ॲप दोघांनाही चालतं. शेतकऱ्याला घर गाठायला आणि मला प्लग काढायला वेळ देतं.

ॲप नसेल तर जुना ट्रान्झिस्टर काढा. मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी काटा ठेवा. रिक्षा गेली तर एकसुरी टरटर येते. ती सोडून द्यायची. वीज आली की कोरडा, अनियमित कडाका येतो, पापड मोडल्यासारखा, गडगडाट ऐकू यायच्या कितीतरी आधी. पापड जवळ-जवळ मोडायला लागले की उठायचं. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांवर आली की आपलं काम झालेलं असलं पाहिजे. त्यानंतर वायरींना हात नाही. आधी बाहेरून येणारी वायर सोडवायची, मग प्लग, आणि दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब. राउटर, बॉक्स, टीव्ही सगळं. इन्व्हर्टरचं बटण बंद केलं म्हणजे सुटलं असं नाही, बटणातली फट मिलिमीटरांत असते. इंटरनेट काचेच्या फायबरवर घेतलं की एक दार कायमचं बंद होतं. काच वीज वाहत नाही. मात्र फायबरला आधार म्हणून पोलादी तार असते, ती घराच्या आतपर्यंत ओढून आणलेली नाही एवढं बघायचं. मी ते बघितलं, आणि दोन मीटर तार कापायला लावली.

आजोबांची चाळ पडायच्या आधी बरीच वर्षं नळाचे लोखंडी पाइप गंजले म्हणून बदलले होते. प्लंबरनं प्लॅस्टिकचे टाकले. मोरीतली पितळी तोटी तीच ठेवली, आणि आजोबांची अर्थची वायरही त्याच तोटीला गुंडाळलेली राहिली. आजोबा पुढं जेवढं जगले, तेवढ्या प्रत्येक मृगात आणि हस्तात त्यांनी ते पातं खाली टाकलं. तार छपरावरून खिडकीत, खिडकीतून तोटीत, आणि तोटीच्या मागं प्लॅस्टिक. मला हे ध्यानात आलं ते चाळ रिकामी करताना. तोपर्यंत त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी आमच्या नव्या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा शोधायचं ठरवलं. ठाण्याच्या खाली काळा कातळ, वर हात-दोन हात मुरूम. मेमध्ये तो ठणठणीत कोरडा असतो आणि वळवाची वीज नेमकी तेव्हा येते. सेक्रेटरी म्हणाले नकाशात असेल. नकाशात तीन खड्डे होते. वॉचमनला एक माहीत होता. तो मीटर रूमच्या मागं, एका स्कूटरखाली निघाला. स्कूटर सरकवली, सिमेंटचं झाकण पहारीनं उचललं. आत पाइपचं तोंड, त्याला आवळलेली पट्टी, बोल्टवर पांढरा-हिरवा खार, आणि खाली भुशासारखी कोरडी माती. आत्या वॉकर घेऊन खाली आली होती. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असाही एक समज आहे, त्यावरून मी तिला चिडवलं. ती वाकून आत बघत म्हणाली, ‘इथं कुठलं पाणी? दहा वर्षांत कुणी तांब्याभर ओतलं नाही.’ वॉचमननं गाड्या धुवायची बादली आणून ओतली. माती फसफसली, पाणी दिसेनासं झालं. त्यानं दुसरी आणली.